कापलेलं बेट

मालवणजवळच्या आमच्या देवबागेत घराच्या पडवीत उभं राहिलं की समोर समुद्र आणि परसात गेलं की कर्ली नदी. मधली जमीन जेमतेम हाकेच्या अंतराची. सगळी वाळू, आणि त्या वाळूत माड. पावसाळ्यात उधाणाच्या रात्री आजी अंथरुणाला पाठ टेकायची नाही. ओटीवर बसून ती दोन्हीकडच्या पाण्याचा आवाज ऐकत राहायची. "आज खाडयेचो आवाज वाढलो हा," असं ती म्हणाली की आजोबा कंदील घेऊन परसाकडे जायचे. वाळूवर जन्म काढलेल्या माणसांना जमीन ही रोज उठून बघायची गोष्ट असते. काल होती तिथे आज आहे ना, एवढं बघायचं आणि मग कामाला लागायचं.

लग्नानंतर मी टेक्सासमध्ये आले, सॅन अँटोनिओला. समुद्र तिथून अडीच-तीन तासांवर. पहिल्या उन्हाळ्यात नकाशा बघताना किनाऱ्यापुढे आडवी पडलेली एक लांबच लांब रेघ दिसली. पाद्रे आयलंड. कॉर्पस क्रिस्टी शहरापासून दक्षिणेकडे सुमारे १८० किलोमीटर गेलेली वाळूची चिंचोळी पट्टी. एका अंगाला मेक्सिकोचं आखात, दुसऱ्या अंगाला लगुना माद्रे नावाचं उथळ पाणी, समुद्राहूनही खारट. मुख्य जमिनीपुढे उभं राहून लाटांचा मारा आपल्या अंगावर घेणारी अशी बेटं जगात पुष्कळ आहेत, पण एवढी लांब फार थोडी. मला ती रेघ बघून घरची आठवण आली. आपली देवबाग कुणीतरी धरून ओढत ओढत पार मेक्सिकोपर्यंत नेली असावी, तशी ती दिसत होती.

तिथे पहिल्यांदा गेलो ते कासवांसाठी. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडतात, तशी इथे त्यांच्याच जवळच्या नात्यातल्या केम्प्स रिडलेची सोडतात. उजाडताना शंभर-दोनशे माणसं दोरीच्या अलीकडे गप्प उभी होती आणि ओल्या वाळूवरून ती बोटभर पिल्लं पाण्याकडे सरकत होती. शेजारी स्वयंसेवकाचा शर्ट घातलेल्या एक आजी उभ्या होत्या. मी कुठून आले वगैरे विचारून झाल्यावर त्यांनी दक्षिणेकडे हात केला. म्हणाल्या, तिकडे, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही खूप पुढे, १५५४ साली ३ स्पॅनिश जहाजं फुटली. चांदीने भरलेली. त्यांतलं एक समुद्राने फोडलं, आणि चारशे वर्षांनी आम्ही परत फोडलं.

एवढं बोलून त्या पिल्लांकडे वळल्या. ते शेवटचं वाक्य घेऊन मी घरी आले आणि गेली काही वर्षं त्याच्याच मागे आहे.

कॉर्पस क्रिस्टीच्या विज्ञान आणि इतिहास संग्रहालयात ‘सान एस्तेबान’ या जहाजाचा एक तुकडा ठेवलेला आहे. पठाणाचा, मागच्या टोकाचा. पठाण म्हणजे जहाजाचा कणा. हा शब्द मला माझ्या मामामुळे माहीत आहे, तो होड्या बांधायचा. होडी बांधायला घेताना आधी पठाण ठेवायचा, त्याला हळदकुंकू, नारळ, आणि मग बाकीचं. संग्रहालयातलं ते लाकूड काळपट, सुकलेल्या मांसासारखं चिरा पडलेलं आहे. अख्ख्या जहाजातून लाकूड म्हणून एवढंच उरलं. बाकीचं लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांनी खाल्लं. हे टोक वाळूत खोल रुतलं होतं म्हणून वाचलं. मी त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिले. कुणीतरी, कुठल्याशा गावात, हे लाकूड निवडलं असेल. त्यावर हात फिरवून बघितला असेल. मामा बघायचा तसा.

पण त्या जहाजाबद्दल आपल्याला जे कळलंय, त्यातलं बरंच लाकडातून आलेलं नाही, गंजातून आलंय. ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, म्हणून सविस्तर सांगते. लोखंडाची वस्तू समुद्रतळाशी पडली की गंजते, आणि तो गंज सभोवतालची वाळू, शिंपल्यांचा चुरा, खडे असं सगळं स्वतःला बांधून घेतो. दगडासारखं टणक कवच तयार होतं. शेदोनशे वर्षांत आतलं लोखंड झिजून विरून जातं. राहते ती पोकळी, आणि ती हुबेहूब त्या वस्तूच्या आकाराची. बाहेरून बघाल तर बेढब धोंडा. किनाऱ्यावर सापडला तर लाथ मारून पुढे जाल. ‘सान एस्तेबान’चे असे धोंडे ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नेले. तिथे एकेकाचे एक्स-रे काढले. आत काय आहे ते ओळखायचं, कवचाला बारीक भोक पाडायचं, पोकळीतला गाळ काढायचा, त्यात राळेसारखं रसायन ओतायचं, ते घट्ट झालं की वरचं कवच छिन्नीने हलक्या हाताने उतरवायचं. मूर्तिकार मेण वितळवून रिकाम्या केलेल्या साच्यात पितळ ओततो तसंच हे, फक्त साचा समुद्राने केलेला. अशा रीतीने जी वस्तू आता जगात कुठेच नाही, ती हातात येते. खिळा. हत्यार. साखळीची कडी.

आणि या धोंड्यांमध्ये झुरळं सापडली. जहाजावरची झुरळं, गंजाच्या कवचात अडकून राहिलेली. त्यांचाही कुणीतरी नीट अभ्यास करून लेख लिहिला. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. चांदीने भरलेल्या जहाजात झुरळ शोधून त्याच्यापाशी थांबणं सोपं नाही. पण झुरळ आहे म्हणजे अन्नाची कोठारं होती, दमट काळोख होता, त्या काळोखात झोपणारी माणसं होती. ‘जहाजातून प्रवास’ हे शब्द आपण सहज वापरतो. त्या झुरळाने मला तो वास दिला.

चांदी होतीच. चांदीच्या ओबडधोबड चकत्या आणि नाणी. नाणी मेक्सिको सिटीच्या टांकसाळीतली, १५३६ साली सुरू झालेल्या. अमेरिका खंडातली ती पहिली टांकसाळ. त्यातलं चार रियालचं नाणं तोळ्याहून थोडं जड भरतं. एका बाजूला दोन खांब, जुन्या जगाच्या वेशीवरचे, आणि त्यांच्या जोडीला ‘याच्याही पलीकडे’ या अर्थाचे लॅटिन शब्द. भोवती राजाचं नाव, कार्लोस, आणि त्याच्या शेजारी त्याच्या आईचं, हुआना. ही हुआना कागदोपत्री स्पेनमधल्या कास्तील राज्याची राणी. प्रत्यक्षात १५०९ पासून तोर्देसियासच्या वाड्यात कोंडून ठेवलेली. वेडी म्हणून आधी बापाने आणि मग मुलाने. तिच्या नावाची नाणी महासागरापलीकडे पाडली जात होती, ती खेचरांवरून बंदरात येत होती, जहाजांत भरली जात होती, समुद्रात बुडत होती, आणि ती मात्र एका खोलीत. जहाजं फुटली त्याच्या पुढच्या वर्षी, एप्रिल १५५५ मध्ये ती गेली. त्या नाण्यावर मला तो दोन खांबांचा दिमाख दिसतच नाही, फक्त ते दुसरं नाव दिसतं.

तर ती जहाजं. ४ नोव्हेंबर १५५२ ला स्पेनच्या सानलुकार बंदरातून ५४ जहाजांचा ताफा अमेरिकेकडे निघाला, त्यातलीच ही ४. सान एस्तेबान, एस्पिरितु सांतो, सांता मारिया दे इसियार आणि सान आंद्रेस. मेक्सिकोला पोचली तेव्हा व्हेराक्रूझचं बंदर १५५२ च्या चक्रीवादळाने मोडलेलं. माल उतरवायचा, नवा चढवायचा, सगळंच रखडलं. एक अख्खं वर्ष आणि वर थोडं ती नांगर टाकून पडून होती. शेवटी ९ एप्रिल १५५४ ला परत निघाली. चौघांवर मिळून साधारण ३०० माणसं. खलाशी, व्यापारी, डोमिनिकन पंथाचे ५ पाद्री, बायका, मुलं. माल म्हणजे चांदी, साखर, कातडी, आणि निवडुंगावरच्या किड्यांपासून काढलेला लाल रंग, आपण ज्याला किरमिजी म्हणू तसा.

व्हेराक्रूझहून हवाना पूर्वेला आहे, पण वारा सरळ जाऊ देत नाही. म्हणून जहाजं आखातात आधी उत्तरेला चढायची आणि मग वळसा घेऊन हवानाकडे उतरायची. या वळशात वादळाने त्यांना गाठलं. नावाड्याजवळ अॅस्ट्रोलेब असे. आपल्याकडचे जुने ज्योतिषी ज्याला यंत्रराज म्हणत, त्याचंच हे समुद्रावरचं साधं रूप. पितळेचं जड कडं आणि मधे फिरणारी पट्टी. ते अंगठ्याला टांगून दुपारचा सूर्य बघायचा. त्यावरून आपण किती उत्तरेला आहोत ते कळतं. किती पश्चिमेला सरकलो ते मात्र कळत नाही. त्या काळी कुणालाच कळत नव्हतं. या बुडालेल्या जहाजांच्या जागी अशी ३ यंत्रं मिळाली आहेत. वादळात सूर्यच दिसत नसेल तर तीही हातातलं कडंच.

२९ एप्रिल १५५४. चारांपैकी तिघं पाद्रे आयलंडवर आदळली. हे बेट दूरून दिसत नाही. डोंगर नाही, झाड नाही. पुळणीच्या पुढे पाण्याखाली किनाऱ्याला समांतर वाळूचे उंचवटे असतात. देवबागेतली पोरं समुद्रात चालत जाताना ज्यांच्यावर परत पायाला तळ लागतो, ते. रापणीची होडी त्यावरून जाते. शंभर-दोनशे टनांचं जहाज जात नाही. तळ रुततो, मागची लाट आडवं करते, पुढच्या लाटा फोडत राहतात. किनारा नजरेसमोर असतो. तरीही निम्म्याहून अधिक माणसं तिथेच बुडाली असावीत. चौथं, सान आंद्रेस, कसंबसं हवानाला पोचलं, इतकं खिळखिळं होऊन की त्याचा माल दुसरीकडे चढवून ते मोडीत काढावं लागलं.

किनाऱ्याला लागलेल्यांना वाटलं, पानुको हे स्पॅनिश वस्तीचं ठाणं दोन-तीन दिवसांच्या वाटेवर आहे. होतं चारशेहून अधिक किलोमीटरवर. ही एक समजूत चुकली आणि पुढचं सगळं त्यातून आलं. ती माणसं दक्षिणेला चालत निघाली. त्या चालण्याची हकिगत आपल्याकडे आली आहे ती मुख्यतः दाविला पादिया या डोमिनिकन पाद्र्याने १५९६ च्या ग्रंथात लिहिलेली, म्हणजे ४० वर्षांनंतरची, आणि आपल्या पंथातल्या हुतात्म्यांची थोरवी सांगण्यासाठी लिहिलेली. त्यात ३०० माणसं चालत निघतात आणि एकच वाचतो. इतिहासकार तो आकडा मानत नाहीत. मीही तो धार्मिक आख्यान म्हणूनच वाचते. पण त्यातले काही प्रसंग वाचल्यावर डोळ्यांपुढून हलत नाहीत. स्थानिक लोक मागावर आहेत, बाण सुटताहेत. कपड्यांसाठी हा हल्ला असेल असं वाटून ते अंगावरचे कपडे टाकून देतात. मग नागडेपणाची लाज, म्हणून बायका-मुलांना पुढे चालायला लावतात आणि पुरुष मागून येतात. पुढे गेलेल्या त्या बायका-मुलांतलं कुणीच उरत नाही. रिओ ग्रांदे नदी तराफ्यावरून ओलांडताना हातातली धनुष्यंही पाण्यात जातात.

वाचलेला तो एक म्हणजे मार्कोस दे मेना. बाणांनी इतका जखमी झाला की सोबत्यांना वाटलं हा आता जातो. त्यांनी त्याला वाळूत पुरलं, श्वासापुरता चेहरा तेवढा उघडा ठेवला, आणि पुढे गेले. वाळूच्या उबेने त्याला हुशारी आली. तो उठला, त्यांच्या मागे गेला, आणि त्याला त्यांची प्रेतं दिसली. शेवटी तो पानुकोला पोचला. आजोबा गेले त्या वर्षी मी हे वाचत होते. उन्हाने तापलेल्या वाळूत पाय पुरून बसले की गुडघे दुखायचे थांबतात, असं आजोबा म्हणायचे आणि रोज दुपारी बसायचे. ती ऊब मला माहीत आहे. म्हणून असेल, हा भाग मला खरा वाटतो.

बाण मारणाऱ्यांची बाजू कुणी लिहिली नाही. पण एवढं ठाऊक आहे की पाव शतकापूर्वी याच पानुकोच्या सुभेदाराने, नुन्यो दे गुस्मानने, तिथल्या हजारो माणसांना गुलाम म्हणून पकडून कॅरिबियन बेटांवर विकलं होतं. या मुलखात दाढीवाली माणसं म्हणजे काय, हे माहीत असायला पुरेसं कारण होतं. हकिगत वाचताना मी हे दर वेळी स्वतःला सांगते, कारण लिहिणारा सांगत नाही.

बातमी मेक्सिकोला पोचली तशी चांदी काढायला माणसं धावली. आधी आंखेल दे व्हियाफान्ये, मग जुलैत आल्वारादो ६ जहाजं घेऊन. पाणबुडे सप्टेंबरपर्यंत उतरत राहिले. त्या काळी पाणबुडा म्हणजे छातीतली हवा आणि कमरेचा दोर. एवढं करून निम्म्याहून कमीच माल वर आला. बाकीचा वाळूने झाकला.

आता जरा बाजूला जाऊन एक गोष्ट सांगते, ती मला या जहाजांशी घट्ट बांधते. ही चांदी स्पेनला पोचली असती तर तिथे राहिली नसती. राजा सावकारांच्या देण्यात बुडालेला. त्या काळची अमेरिकन चांदी सेव्हिलला उतरायची आणि पुढे चालू लागायची. जिनोआ, अँटवर्प, लिस्बन. लिस्बनहून पोर्तुगीज जहाजांतून मिरीच्या मोबदल्यात गोव्याला आणि कोचीला. पुढच्या शतकात इंग्रज आणि डच हेच रियाल सुरतेला आणू लागले. तिथल्या टांकसाळीत ते वितळवून त्यांचे मोगली रुपये पाडत. आपल्याकडे चांदीच्या खाणी जवळजवळ नव्हत्याच. रुपया चालला तो बाहेरून आलेल्या चांदीवर. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेतून जी संपत्ती आणली, तिच्यात मेक्सिकोतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या डोंगरांतून निघालेली चांदी होतीच असणार. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं. लहानपणी त्या तटावर मी शेकडो वेळा चढले आहे. मेक्सिकोतल्या झाकातेकासच्या खाणीत राबलेला कुणी एक माणूस आणि माझा तो तट यांच्यात एवढंच अंतर आहे, हे मला कॉर्पस क्रिस्टीच्या काचेपुढे उभं राहिल्यावर कळलं. त्या खाणी सुरू झाल्या तेव्हा, १५४५ पासूनच्या साथीत मेक्सिकोतले मूळचे लोक लाखांनी मेले होते. जे उरले त्यांच्या हातांनी ती चांदी निघाली. ‘सान एस्तेबान’च्या सामानात त्यांच्याही वस्तू मिळाल्या. काचेसारख्या काळ्या दगडाची पाती आणि गुळगुळीत घासलेला खनिजाचा आरसा. ते कुणी आणि का चढवलं असेल, नजराणा म्हणून की आठवण म्हणून, याचा मी नेहमी विचार करते.

स्वयंसेवक आजींच्या वाक्याकडे येते. लगुना माद्रेच्या काठी, मुख्य जमिनीवर, पोर्ट मॅन्सफील्ड नावाचं लहानसं बंदर आहे. आखात समोर, पण मधे हे बेट आडवं. बाहेर पडायला वाट नाही. म्हणून १९५० च्या दशकात बेट आडवं कापून कालवा काढला. मॅन्सफील्ड कट. गाळ उपसणारी यंत्रं लावली आणि बेटाचे दोन तुकडे केले. त्या कापाच्या वाटेत ‘सांता मारिया दे इसियार’ होतं. चारशे वर्षं ते वाळूखाली झोपलं होतं, जागा कुणाला माहीत नव्हती, आणि यंत्राच्या दातांनी ते चुरडून गाळाबरोबर बाहेर फेकलं. तीन जहाजांपैकी ज्याच्याबद्दल आपल्याला कधीही फारसं कळणार नाही, ते हे.

याचा मला राग येतो आणि तो राग कुणावर काढावा ते कळत नाही. कोळ्यांना वाट हवी होती. आमच्याकडेही बंदराच्या तोंडाशी गाळ साचला की होड्या अडकतात आणि गाव आमदाराकडे जातं. पोटाची वाट अडली असताना वाळूखाली काय आहे ते आधी बघा, हे कोण कुणाला सांगणार? तरी वाटतं, एक माणूस, एक चुंबकमापक, चार दिवस. एवढ्याने भागलं असतं. पुढे बाकीची दोन जहाजं शोधली ती याच यंत्राने. ते बोटीमागे ओढत नेतात आणि वाळूखालचं लोखंड सुईच्या थरथरीतून ओळखतात.

दुसरं जहाज, एस्पिरितु सांतो, १९६७ मध्ये इंडियाना राज्यातल्या एका खासगी कंपनीने शोधलं आणि त्यातल्या वस्तू काढून परराज्यात नेल्या. टेक्सासमध्ये मोठी ओरड झाली. सरकार कोर्टात गेलं आणि १९६९ मध्ये विधिमंडळाने पुरावस्तूंचा कायदा केला. या राज्याच्या पाण्यातलं असं जहाज हे जनतेचं, ते विकता येणार नाही. खटला कित्येक वर्षं रेंगाळला. वस्तू अखेर टेक्सासकडे राहिल्या आणि कंपनीला मोबदला मिळाला. तिसरं, सान एस्तेबान, १९७२ पासून सरकारच्या पुरातत्त्वज्ञांनी स्वतः उकरलं, प्रत्येक वस्तूची जागा मापून. म्हणून तो पठाण, ते धोंडे, ती झुरळं. तीन जहाजं, एकाच दिवशी फुटलेली, शेजारशेजारी पडलेली. एकाचा चुरा झाला, एकातल्या वस्तू जागा न मापता निघाल्या आणि एक नीट वाचलं गेलं.

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, अशाच वाळूच्या बेटांपुढे, ३१ जुलै १७१५ च्या पहाटे चक्रीवादळात ११ स्पॅनिश जहाजं फुटली. तिथे वेगळी रीत आहे. परवाना घ्या, बुड्या मारा, सापडेल त्यातला साधारण पाचवा हिस्सा सरकारचा, बाकी तुमचा. १९६४ मध्ये तिथे एका दिवसात हजाराहून जास्त सोन्याची नाणी निघाली. त्या नाण्यांचे फोटो सुंदर आहेत, खरंच. लहान मुलाला सोनं सापडावं तसा आनंद त्या पाणबुड्यांच्या चेहऱ्यावर दिसतो आणि तो मला खोटा वाटत नाही. वर्षानुवर्षं स्वतःचे पैसे घालून, रिकाम्या हातांनी परत येऊन माणसं हे करतात. पण नाणं विकलं जातं, तिजोरीत जातं, आणि ते कुठल्या फळीखाली, कुणाच्या पेटीत, कशाशेजारी पडलं होतं ते कायमचं जातं. बोटीच्या पंख्याचा झोत खाली वळवून वाळूत खड्डे पाडायचे, ही तिथली शोधायची पद्धत. अशा झोतात झुरळ टिकत नाही. मी टेक्सासच्या बाजूची आहे.

गेल्या मार्चमध्ये आम्ही तो काप बघायला गेलो. राष्ट्रीय उद्यानाचं केंद्र ओलांडलं की पुढे रस्ता नाही, पुळण हाच रस्ता. पहिले पाच मैल साधी गाडी जाते, पुढचे पंचावन्न मैल चारही चाकं ओढणारी लागते. मैलांचे खांब लावलेत. एका टप्प्यात शिंपल्यांचा थर इतका जाड की चाकाखाली काच फुटल्यासारखा आवाज येतो. सरगॅसम या समुद्रशैवालाची तपकिरी रास, तिच्यात अडकलेल्या बाटल्या, बुटांची जोडी नाही तर एकेक बूट, कुठल्या जहाजावरून पडलेलं पिवळं हेल्मेट. आखातात जे पडतं ते हे बेट गोळा करतं. धातुशोधक यंत्र घेऊन इथे यायला मनाई आहे, आणि माझे डोळे तरीही वाळूवर होते, हे कबूल करते. एकदा काळी गोल चकती दिसली. उतरून पाहिलं तर शिंपला.

चाळिसाव्या मैलाच्या पुढे गाडी रुतली. भरती चढत होती. नवऱ्याने टायरमधली हवा कमी केली, मी हातांनी वाळू उपसत होते. लाटेचा फेस चाकाला लागून परत जात होता. तासभर. त्या तासात आजूबाजूला एक माणूस नाही, एक झाड नाही, दोन्ही दिशांना फक्त पुळण, आणि तिच्यावर उडणारी बारीक वाळू. याच वाळूवरून ती माणसं चालली होती, आणि त्यांना वाटत होतं, दोन-तीन दिवस. हवा उतरल्यावर गाडी निघाली.

कापाशी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बेट एकदम संपतं. दगडांचा धक्का आखातात शिरलेला, मधून हिरवं, वेगाने वाहणारं पाणी, पलीकडे परत तसंच बेट. फलक नाही, खूण नाही. धक्क्यावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. किंग्सव्हिलचा. त्याने बादलीतले मासे दाखवले, आम्ही आणलेल्या शंकरपाळ्या त्याने खाल्ल्या. गळ नाही, जाळं नाही, मग एवढ्या लांब कशासाठी आलात, असं त्याने विचारलं.

मी सांगितलं. चार जहाजं, तीन फुटली, आणि त्यातलं एक इथे, या पाण्याच्या जागी, वाळू होती तेव्हा. तो ऐकत होता. मी नाव घेतलं ते बहुतेक चुकीचंच, कारण तो थांबला आणि म्हणाला, परत सांगा. मी परत सांगितलं. बास्क प्रांतातल्या एका गावच्या मेरीमातेवरून ठेवलेलं नाव आहे, असंही सांगितलं. त्याने पाण्याकडे बघत ते स्वतःशी म्हणून पाहिलं, त्याच्या स्पॅनिशमध्ये, प्रत्येक अक्षर जिथल्या तिथे. सांता मारिया दे इसियार. मग हळूहळू गळ गुंडाळून वर घेतला आणि दोरी हातात धरून बसला.